बॅटरी यवतमाळहून यायची आहे

पाऊस आला नसता तर मी त्या दुकानात पाऊल ठेवलंच नसतं. मला जायचं होतं बसस्टँडमागच्या मोठ्या दुकानात, जिथे काचेचं दार आहे आणि कोणी कोणाला फारसं काही विचारत नाही. पण जानेवारीत, ऐन कापसाच्या दिवसांत, दिग्रसला अवकाळी पाऊस आला. मार्केटच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या, त्यांच्यावर ताडपत्र्या टाकायला माणसं धावत होती, आणि मी पिठाची थैली छातीशी धरून एका टिनाच्या शेडखाली घुसले.

थैलीत पीठ नव्हतं. लॅपटॉप होता.

"आत या, मॅडम," मागून आवाज आला. "पीठ भिजलं तं भिजलं, चार्जर नाई भिजला पायजे."

मी खाली पाहिलं. थैलीतून चार्जरची काळी वायर गुडघ्यापर्यंत लोंबत होती. एवढी झाकून-पाकून आणलेली वस्तू, आणि तिचं शेपूट साऱ्या दिग्रसने पाहिलं होतं. मी मुकाट्याने आत गेले.

दुकान म्हणजे एक टेबल, दोन स्टूल आणि भिंतभर उघडलेली यंत्रं. तो माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा असेल. स्वेटरच्या बाहीला सोल्डरिंगच्या डागणीने पडलेलं भोक, कानावर पेचकस, आणि डोळे असे की समोरच्याने काय लपवलंय ते त्यांना आधीच माहीत असावं. मला ते डोळे अजिबात आवडले नाहीत. म्हणजे आवडले... पण त्या दिवशी परवडणारे नव्हते.

त्याने लॅपटॉप बाहेर काढला. झाकणावर मार्करने लिहिलेलं होतं, 'विहाराची वस्तू. विहाराबाहेर नेऊ नये.' ते त्याने सावकाश वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"दुरुस्तीसाठी नेता येते, भाऊ," मी म्हणाले.

"मी कुठं काय म्हटलं?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे असं.

"काय होऊन राह्यलं याले?"

"चालू होते. पण चार्ज होत नाही. वायर काढली की बंद."

"पडला काय?"

"नाही."

"पाणी, चहा... काही सांडलं?"

"नाही."

"कोणी बसलं-बिसलं तं नाई ना याच्यावर?" तो हसत म्हणाला.

मला ठसका लागला. त्याने पाण्याची बाटली पुढे केली, मी घटाघट पाणी प्यायले आणि म्हणाले, "लॅपटॉपवर कोण बसते, भाऊ?"

बाबाराव काका बसले होते. चांगला पाऊण तास.

आता सगळं सांगूनच टाकते. आमचं गाव दिग्रसपासून चौदा किलोमीटर. गावातला एक मुलगा शिकून नागपूरला साहेब झाला, त्याने आपला जुना लॅपटॉप विहाराच्या अभ्यासिकेला दिला, पोरींना फॉर्म भरायला, काही शिकायला. आलमारीची किल्ली समितीचे अध्यक्ष बाबाराव काकांनी सगळ्यांसमोर माझ्या हातात ठेवली. "मारोतीची ममता बी.ए. झाली, तिच्याइतकं भरवशाचं कोण हाय?" असं म्हणाले होते. त्या दिवशी माझ्या बाबांनी दोन वेळा डोळे पुसले.

आणि ही भरवशाची ममता, आठवड्यातून दोनदा तो लॅपटॉप ओढणीखाली लपवून घरी न्यायची. स्वतःला सांगायची, टायपिंगचा सराव करते. त्या दिवशी तर मी चक्क पिक्चर पाहत होते.

त्या वर्षी बोंडअळीने अर्धा कापूस खाल्ला होता आणि उरलेल्याला भाव नव्हता. म्हणून साऱ्या गावाने कापूस घरातच भरून ठेवला होता. आमच्या पुढच्या खोलीत छातीपर्यंत ढीग. खाट नाही, खुर्ची नाही, आल्यागेल्याने कापसावरच टेकायचं. मी ढिगाला पाठ लावून बसलेली, पिक्चरमध्ये नायिका नुकती रडायला लागलेली, आणि दारातून आवाज आला, "मारोती हाय काय घरी?"

बाबाराव काकांचा आवाज. मी काय करावं? लॅपटॉप बंद करावा, एवढी अक्कल सुचली असती तर ही गोष्टच झाली नसती. मी तो चालू तसाच कापसात खुपसला, चार्जरसकट, आणि वरून दोन ओंजळी कापूस ओढला. काका आत आले, "जयभीम" म्हणाले, आणि खोलीत एवढी जागा असताना नेमके तिथेच टेकले. पाऊण तास भावावर बोलले. माझी माय तुळसाबाई चहा घेऊन आली तेव्हा तिने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पदर तोंडाला लावून जी आत गेली ती बाहेर आलीच नाही. मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं.

काका गेल्यावर लॅपटॉप काढला. गरम झाला होता, पण चालू होता. चार्जरची पिन निघून आली होती, ती मी घाईघाईने जोर लावून परत खोचली. तेव्हापासून तो चार्ज व्हायचा बंद झाला.

यातलं एक अक्षरही मी त्या दुकानात बोलले नाही.

त्याने मीटर लावून चार्जर तपासला. चांगला निघाला. बॅटरी काढून नुसत्या वायरवर चालवून पाहिलं. चालला. बॅटरी परत बसवली तर स्क्रीनच्या कोपऱ्यात तेच वाक्य, प्लग लावला आहे, चार्ज होत नाही. तो स्क्रीनकडे बघत राहिला. बाहेर टिनावर पाऊस वाजत होता आणि माझ्या ओढणीतून थेंब त्याच्या टेबलावर पडत होते. त्याने आपला रुमाल माझ्याकडे सरकवला.

"म्हातारा झाला बिचारा," तो शेवटी म्हणाला. "बॅटरीच गेली असन. ठेवून जा. यवतमाळहून मागवा लागन. चार दिवस लागतीन."

"नाव काय टाकू?" मी निघताना त्याने विचारलं.

"विहाराचं टाका."

"विहाराले फोन करू मंग?"

"ममता," मी म्हणाले.

"मी संघदीप," तो म्हणाला, विचारलं नसताना.

चार दिवसांनी मी गेले. बॅटरी आली नव्हती. "यवतमाळवाला म्हनते, उद्या-परवा." मी रडवेली झाले, कारण सात पोरींचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे होते आणि शेवटची तारीख जवळ आली होती. संघदीपने दुकानातला स्वतःचा कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "भरा इथंच. मी तवर हे रेडिओ उरकतो." दुपारभर मी फॉर्म भरले, तो डागणी करत बसला. धूर माझ्या डोळ्यात जायला लागला की तो पंखा फिरवायचा, न बघता.

पुढच्या वेळी मी उकडलेल्या तुरीच्या शेंगा नेल्या. मायने दिल्या होत्या, असं म्हणाले. मायने दिल्या नव्हत्या. त्याने शेंगा सोलल्या, आणि थोड्या वेळाने पाहिलं तर दाण्यांची अर्धी वाटी माझ्या कोपराजवळ होती.

"तुमी नाई खाल्ले?" मी विचारलं.

"खाल्ले ना. तुमी मले भाऊ म्हनणं कवा सोडलं?"

माझी बोटं कीबोर्डवर थांबली. "कवा म्हणत होते?"

"पयल्या दिवशी. तीनदा."

"दोनदा," मी म्हणाले, आणि लगेच जीभ चावली.

तो खाली बघून हसला. मी तिसऱ्या पोरीच्या फॉर्ममध्ये चौथीचा जन्मदिनांक टाकला. घरी येताना बसमध्ये मला आधी खूप छान वाटलं आणि मग खूप घाण वाटलं. हा माणूस माझ्यासाठी यवतमाळला फोन करतोय, बॅटरी शोधतोय, आणि मी त्याला साधं खरं सांगत नाही. वैद्याला दुखणं सांगायचं नाही आणि औषध मागायचं. पण सांगणार कसं? कोणत्या तोंडाने? त्याच्या डोळ्यात मी सात पोरींसाठी धावणारी ममता होते. ती ममता मलाही आवडायला लागली होती.

तिसऱ्या फेरीला पण बॅटरी नव्हती. आणि मग रविवार आला.

वंदना झाली, सगळे बसलेले. कोणीतरी लॅपटॉपचं विचारलं. मी म्हणाले, बॅटरी खराब आहे, दिग्रसला दिलाय. बाबाराव काका चिडले. "द्याचंच होतं तं धड द्याचं. नागपूरच्या साहेबानं आपल्या गावाले भंगार देलं. आजच फोन लावतो त्याले."

साहेबांची म्हातारी आई पुढेच बसली होती. दर रविवारी ती त्या आलमारीजवळ बसायची, लेकाची वस्तू आत आहे म्हणून. तिने मान खाली घातली, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

मला ते पाहवलं नाही. मी उभी राहिले.

"काका, लॅपटॉप चांगला होता," मी म्हणाले. "मी घरी नेला होता. नेहमीच नेत होते. तुमी आलते तवा मी तो कापसात लपवला. आन्... तुमी त्याच्यावर बसले."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "बाबाराव, तुले टोचलं नाई काय रे?"

सगळं विहार हसलं. रागावले असते तर बरं झालं असतं. काका हसले नाहीत. त्यांनी नुसता हात पुढे केला. मी किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली आणि घरी येऊन त्याच कापसात तोंड खुपसून रडले. माय जवळ येऊन बसली, तिला शेंगांचं खोटंही सांगून टाकलं. "सांगतलं ना," ती म्हणाली, "मंग आता कायले रडतं? रडाचं तं लपवताना होतं." बाबा जेवले, पण माझ्याशी बोलले नाहीत.

सोमवारी मी दिग्रस गाठलं. संघदीपला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको होतं. तो एका मिक्सरचं पोट उघडून बसला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, पिक्चरपासून किल्लीपर्यंत. त्याचा चेहरा पांढरा पडत गेला.

"चालू लॅपटॉप? कापसात?" त्याचा आवाज चढला. "पेटला असता तं? घरभर कापूस, तुमी आत, माय आत... डोकं हाय काय तुमाले?"

माझ्यावर कोणी इतकं रागावलं नव्हतं. मी म्हणाले, "चुकलं माह्यं. तुमाले खरं सांगतलं असतं तं तुमी उगाच बॅटरी शोधत बसले नसते."

त्याने मिक्सर बाजूला सारला. मग खणातून एक काडेपेटी काढून माझ्यासमोर ठेवली. "उघडा."

आत काडी नव्हती. तुरीच्या दाण्याएवढी कापसाची गोळी होती, ठासून घट्ट झालेली, काळपटलेली.

"चार्जरच्या भोकात तळाशी होती," तो म्हणाला. "मधली बारीक पिन टेकतच नव्हती. सुईनं काढली, चार्जिंग सुरू. पाच मिनटाचं काम."

"कवा काढली?"

त्याने काडेपेटी सारून बंद केली.

"कवा काढली?"

"तुमी पयल्या दिवशी गेल्या ना... त्याच संध्याकाळी."

मी मोजलं. तेरा दिवस. "म्हणजे बॅटरी..."

"बरी हाय. फार नाई, पन अर्धा-पाऊण तास चालते."

"आन् यवतमाळ?"

"यवतमाळले मी दिवाळीपासून गेलो नाई." तो टेबलाकडे बघत होता. "मले वाटलं, कापूस कसा गेला थे तुमीच सांगसान. मंग वाटलं, लॅपटॉप देला तं तुमचं येणं बंद होईन. रोज ठरवत होतो, आज सांगतो. तुमी दारात दिसल्या की... सांगणंच होत नोतं."

माझ्या कानात गरम वाटायला लागलं. काल साऱ्या गावासमोर मी नाक घासलं, माझ्या बाबांची मान खाली गेली, त्या म्हातारीने ऐकून घेतलं, ते अशा दुखण्यासाठी जे तेरा दिवसांपूर्वीच बरं झालं होतं. तेव्हाच लॅपटॉप परत आलमारीत गेला असता, तर नागपूरच्या साहेबाला कोणी नाव ठेवलं नसतं.

"मले लाज वाटून राह्यली," तो हळू म्हणाला.

"वाटू द्या," मी म्हणाले, आणि निघाले. लॅपटॉपही घेतला नाही.

बसमध्ये खूप राग आला. वाटेतल्या आरंभी गावाला पोचेपर्यंत त्याचा आला, तिथून गावापर्यंत स्वतःचा. तो खोटं बोलला हे खरंच. पण मी काय केलं होतं? शिवाय एक गोष्ट होती जी मला कोणाला सांगायची नव्हती. ती काडेपेटी त्याने जपून ठेवली होती, हे आठवलं की रागातसुद्धा हसू येत होतं, आणि त्याची मला आणखीच लाज वाटत होती.

पुढच्या रविवारी मी विहारात सर्वांत मागे बसले, मायच्या आडोशाला. वंदना संपली आणि दारात मोटारसायकल थांबली. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात माझी पिठाची थैली. ती धुतलेली होती.

"जयभीम," संघदीप म्हणाला. "मी दिग्रसले दुरुस्तीचं दुकान चालवतो. हा लॅपटॉप माह्याकडे होता. हा पयल्याच दिवशी सुधरला होता. मी ममताबाईले खोटं सांगतलं, बॅटरी यवतमाळहून याची हाय म्हणून. विहाराची वस्तू मी एकोणीस दिवस अडवून ठेवली. चूक माही हाय."

बाबाराव काकांनी चष्मा काढला. "काहून अडवली? आणखी काही काम होतं त्याच्यात?"

"नाई."

"मंग?"

संघदीपने थैलीची कड मुठीत धरली. मागच्या भिंतीपर्यंत ऐकू येईल असं, पण खाली बघूनच तो म्हणाला, "त्या परत याव्या म्हणून."

मायने पदर तोंडाला लावला. माझे बाबा वर बघायला लागले, जणू छताचे टिन मोजायचे राहिले होते. मला परत एकदा वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. पण या वेळी थोडं थांबून घ्यावं, असंही वाटलं.

काकांनी थैली मागून घेतली. मग लॅपटॉप उघडून त्यांनी चार्जर लावला. कोपऱ्यातलं ते छोटं चित्र भरायला लागलं. म्हातारी पुढे सरकून बघत होती.

"एकीनं लपवला, एकानं अडवला," काका म्हणाले. "दोघंही शिकलेले. आता ऐका. आलमारीची किल्ली ममताकडे, कारण चूक तिनं आपल्या तोंडानं सांगतली. चार्जर या पोराकडे. दर रविवारी यानं चार्जर घेऊन याचं, पोट्ट्यायले कॉम्प्युटर शिकवाचा, आन् जाताना चार्जर घेऊन जाचं. एकाजवळ सारं ठेवलं की असं होते."

मग ते माझ्याकडे वळले. "आन् पोरी, पुढच्या टायमाले मी बसाच्या आधी सांगत जा."

तेव्हा ते हसले. बाबाही हसले, सात दिवसांनी पहिल्यांदा.

बाहेर संघदीप गाडीजवळ चार्जर गुंडाळत उभा होता. गुंडाळायचा आणि परत सोडायचा. पोरी खिडकीत जमल्या होत्या.

"आत मी जे बोललो," तो म्हणाला, "थे तुमाले विचारून बोलाले पायजे होतं. राग हाय अजून?"

"हाय."

"आन्... दुसरं काही?"

मला हो म्हणायचं होतं. जिभेच्या टोकावर होतं. पण तेरा दिवस म्हणजे तेरा दिवस, इतकं स्वस्तात कसं सोडायचं?

"उत्तर यवतमाळहून याचं हाय," मी म्हणाले. "चार दिवस लागतीन."

त्याने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्या डोळ्यांना समोरच्याने काय लपवलंय ते कळत नव्हतं. मग कळलं. त्याने गाडीला दोनदा किक मारली तरी ती सुरू होईना, आणि खिडकीतल्या पोरी खिदळल्या.

सोमवार गेला. मंगळवारी बाबांनी कापूस गाडीत भरला आणि दिग्रसला नेला. पुढची खोली रिकामी झाली, इतकी रिकामी की बोललं तर आवाज घुमायचा. बुधवारी सकाळी मी वेणी घातली, ओढणी घेतली आणि दाराकडे निघाले. चार दिवस व्हायला अजून एक दिवस होता.

"कुठं चालली?" माय चुलीजवळून म्हणाली.

"दिग्रसले."

"कायले?"

महिनाभरापूर्वी मी म्हटलं असतं, पोरींच्या फॉर्मचं काम आहे. तेच तोंडात आलंही होतं. मी रिकाम्या खोलीकडे पाहिलं.

"संघदीपले हो सांगाले," मी म्हणाले.

मायने फुंकणी खाली ठेवली. मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"मंग चपला तं जोडीच्या घाल," ती म्हणाली. "अन् थांब, तुरीच्या शेंगा देतो. या खेपेले खरंच मायनं देल्या म्हणून सांग त्याले."